पाणी पिऊनच यायचं

झेरॉक्सच्या दुकानातून नुकत्याच आलेल्या कागदाला एक वास असतो, गरम आणि किंचित करपट. आमच्या शाळेत तो वास मार्चमध्ये येतो. प्रकल्पवह्या तेव्हा जमा होतात, आणि निम्म्या पोरांचे प्रकल्प जाफराबादच्या बस स्टँडसमोरच्या दुकानात तासाभरात तयार होतात. गेल्या महिन्यात अशीच एक वही माझ्या टेबलावर आली. विषय, 'जगातील प्रमुख धर्म'. प्रत्येक धर्माला एक पान, पानावर एक रंगीत चित्र, चित्राखाली चार ओळी: संस्थापक, धर्मग्रंथ, प्रार्थनास्थळ, अनुयायी. बौद्ध धर्माचं पान उघडलं आणि माझा हात तिथेच थांबला. लाल छपरांचा पाच मजली पॅगोडा, पुढे गुलाबी फुलांचं झाड, मागे बर्फाचा डोंगर. अनुयायी: चीन, जपान, श्रीलंका. वही देणारा पोरगा समोर उभा होता, झकास काम केल्याच्या आनंदात. त्याचं घर आमच्या गावच्या त्याच गल्लीत आहे जिथे माझी माय राहते, आणि त्या गल्लीच्या तोंडाशी पंचशीलाचा पाचरंगी झेंडा बारा महिने फडकत असतो. म्हणजे पठ्ठ्या स्वतः बौद्ध! मला हसू आलं, मग राग आला, मग पुन्हा हसू आलं. इतकी वर्षं झाली, आणि आमचा पत्ता अजून जपानचाच.

त्याच दिवशी दुसरा एक कागद माझ्या हातात पडला, तोही गरमागरम. मुख्याध्यापक सरांनी तो घडी घालून दिला. 'यापुढे मी विद्यार्थ्यांना कोणत्याही उपक्रमासाठी कोणाच्याही घरी नेणार नाही,' असं त्यावर छापलेलं होतं आणि खाली माझ्या सहीसाठी रेघ ओढलेली होती. "शनिवारच्या आत द्या मॅडम, आपल्याला कशाला उगं वाढवायचं," सर म्हणाले. माणूस वाईट नाही. भित्रा आहे, एवढंच. ती सही करायची की नाही, हा प्रश्न घेऊन मी घरी आले. खरं सांगायचं तर तो प्रश्न माझ्यासाठी नवा नव्हता. मी सातवीत असताना तो एकदा दुसऱ्या कोणाला तरी विचारला गेला होता, आणि तिने दिलेलं उत्तर मला आजतागायत पचलेलं नाही.

आमच्या इतिहासाच्या बाई रोज जालन्याहून एसटीने यायच्या. सव्वादोन तासांचा प्रवास, अंगावर सगळी धूळ घेऊन उतरायच्या, हापशावर तोंड धुवायच्या आणि थेट वर्गात. वर्षात एकदा 'जगातील प्रमुख धर्म' हा धडा यायचा. बाईंनी तो शिकवला, चाचणी घेतली. प्रश्न होता, 'बौद्ध धर्माचे लोक कोठे राहतात?' वर्गाने एकमुखाने लिहिलं: चीन, जपान, श्रीलंका. पुस्तकात तसंच होतं ना! बाई एकेक पेपर वाचत गेल्या आणि माझ्या पेपरवर थांबल्या. मीही तेच लिहिलं होतं. माझे आजोबा छप्पन साली दीक्षा घेऊन आले होते, आमच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक मिटल्या डोळ्यांची आणि एक चष्मा-कोटातली, रोज संध्याकाळी घरात वंदना व्हायची. तरी मी लिहिलं, जपान. का लिहिलं? कारण पुस्तकातला धर्म वेगळा आणि घरातला वेगळा, असं मला बिनतक्रार वाटत होतं. पुस्तकात जे छापतात ते मोठ्या लोकांचं असतं. आपलं कोण कशाला छापेल?

"तुझी आई जपानला राहते का गं?" बाईंनी विचारलं. वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून माझं नाव पडलं जपान. ए जपान, खडू आण. ए जपान, सरक तिकडं. रडत रडत घरी आले आणि मायला सगळं सांगितलं. माय नुकतीच कापूस वेचून आली होती, ओट्यावर पाय पसरून बसली होती. ती आधी नीट ऐकेना, मग ऐकलं आणि इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. "मंग मी रोज जपानाहून येती का गं कापूस वेचायला?" ती म्हणाली. "लईच लांब पडतंय की!" आणि मग हसू थांबल्यावर म्हणाली, "तुझ्या बाईनं इचारलं ते बराबर इचारलं. तू कामून चुकीचं लिहिलंस?"

बाईंच्याही मनाला तो पेपर लागला असावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, धर्म पुस्तकात राहत नाही, घरात राहतो, तर आपण घरी जायचं. दर शनिवारी सकाळची शाळा अकराला सुटली की एका घरी. नियम दोनच. पहिला, 'का' असं विचारायचं नाही, 'कसं' असं विचारायचं. 'का'ने भांडण लागतं, 'कसं'ने माणूस खुलतो आणि दाखवायला लागतो. दुसरा, ज्या घरी जाऊ तिथलं पाणी पिऊनच यायचं. पाणी प्यायल्याशिवाय कोणाचं घर कळत नाही, असं बाईंचं म्हणणं. हा दुसरा नियम आम्हाला इतका साधा वाटला की कोणी तो वहीतसुद्धा उतरवून घेतला नाही.

किती घरं झाली त्या वर्षी! गावात शिलाई करणारी एक चाची होती. तिने आम्हाला मोरीपाशी उकिडवं बसवलं आणि नमाजाआधी वजू कसा करतात ते दाखवलं. तोटीच्या लोट्यातून आधी मनगटापर्यंत हात, मग चूळ, मग नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरून, शेवटी पाय. "तीन बार, बच्चों. जल्दी नक्को करो, अल्ला कहीं भाग के नहीं जाता," ती म्हणाली आणि आम्ही फिदीफिदी हसलो. किराणा दुकानदाराच्या जैन घरात पाणी दुहेरी फडक्यातून गाळून, उकळून ठेवलेलं होतं. त्या घरच्या काकूंनी फडकं उलटं करून दाखवलं. एखादा जीव फडक्यात अडकला असेल तर तो ज्या पाण्यातला त्या पाण्यात परत सोडायचा म्हणे. पुढे आठ दिवस मी पाणी पिण्याआधी ग्लासात डोकावून बघत होते. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई ख्रिस्ती होत्या, त्यांनी बाळाच्या बाप्तिस्म्याचा फोटो दाखवला. पाद्री ओंजळीने बाळाच्या कपाळावर पाणी घालतोय आणि बाळ भोकाड पसरतंय. रस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या सरदारजींनी अमृत कसं तयार करतात ते सांगितलं, लोखंडी वाडग्यात पाणी, पाण्यात बत्तासे, आणि खंड्याने, म्हणजे दुधारी तलवारीने, ढवळायचं. मग सगळ्यांना एका ओळीत जमिनीवर बसवून डाळ-रोटी वाढली. ओळ मोडायची नाही, कोणी कोणाच्या वर बसायचं नाही, हाच आमचा पहिला नियम, म्हणाले.

यहुदी घर गावात नव्हतं, पण बाईंनी तेही सोडलं नाही. कोकणात यहुद्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण तेल गाळणारी ती माणसं शनिवारी घाणा बंद ठेवायची. "आपण शनिवारीच हिंडतो म्हणून ते घर आपल्याला सापडत नाही, त्यांची सुट्टी असते," बाई म्हणाल्या. मग सांगितलं की त्यांच्यातही भाकरीला हात लावण्याआधी हातावर पाणी ओतून मंत्र म्हणतात. म्हणजे तिथेही पाणीच. घरोघरी हिंडता हिंडता माझ्या लक्षात येत चाललं होतं की देव वेगळे, दिशा वेगळ्या, भाषा वेगळ्या, पण कुठल्याही धर्माचं पान पाण्यावाचून हलत नाही.

हिंदू घर म्हणून आम्ही गेलो ते माझ्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या घरी. गावातलं जुनं शेतकरी कुटुंब, दारात बैलजोडी, ओसरीवर धान्याच्या थप्प्या. तिच्या आईने कलशावर नारळ कसा मांडतात ते दाखवलं, आजोबांनी जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून दाखवलं. मग सगळ्यांना पाणी आलं. मलाही आलं, स्टीलच्या चकचकीत ग्लासात. मी प्यायले. नियमच होता. बाकीच्यांचे ग्लास गोळा करून आत गेले. माझा उंबऱ्याबाहेर भिंतीशी राहिला. कोणी मला हिडीसफिडीस केलं नाही. उलट तिच्या आईने माझ्या हातावर गूळ ठेवला, वरून, बोटं न लागता. मैत्रिणीने ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वेणीची रिबन सोडून पुन्हा बांधायला लागली.

आमच्या घराची पाळी शेवटी आली. मार्च लागला होता, ऊन भाजून काढत होतं. मायने आठ दिवस आधीपासून तयारी मांडली. घर सारवलं, नवा माठ आणला, तो तीन दिवस पाण्याने मुरवला, त्यात वाळ्याची जुडी सोडली. गल्लीतल्या चार घरांतून ग्लास जमवून राखेने असे घासले की त्यात तोंड दिसावं. पोरं आली, ओळीने बसली. मायने वंदना म्हणून दाखवली, पाच शीलं साध्या मराठीत सांगितली, परित्राण पाठाच्या वेळी पाण्याच्या कलशाला गुंडाळून सगळ्यांच्या हातातून फिरवतात तो पांढरा दोरा दाखवला. आमच्या धर्माची वाट तर एका तळ्याच्या काठावरून, ओंजळभर पाण्यावरूनच निघाली होती, तेही तिने सांगितलं. मग ती ताट भरून ग्लास घेऊन आली.

कोणाचं पोट दुखत होतं. कोणाची चतुर्थी होती, तीही मार्चातल्या कुठल्या तरी भलत्याच तिथीला. एकाने सांगितलं, आत्ताच हापशावर प्यायलोय. चाचीच्या घरी घटाघट पिणारी, सरदारजीकडे डाळ मागून मागून खाणारी ती सगळी पोरं खाली माना घालून जमिनीवर रेघोट्या ओढत बसली. माझी मैत्रीणसुद्धा. घरून ताकीद मिळालेली असणार, पोरांचा काय दोष, असं आज म्हणता येतं. त्या दिवशी मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बाईंनी मात्र ग्लास उचलला, सावकाश संपवला, आणि म्हणाल्या, "दुसरा नियम राहिला. धडा अपुरा आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा इथेच."

आणि खरंच, पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. दर वेळी मायने ग्लास घासले, भरले, मांडले. दर वेळी बाई एकट्या प्यायल्या. तिसऱ्या शनिवारनंतर मी मायच्या पाया पडायची बाकी राहिले. "माय, नको मांडू गं ग्लास. लाज वाटून राह्यली मला." माय भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "तुला कशाची लाज? न पिणं त्येंच्याकडं, मांडणं आपल्याकडं. त्येंचं ते सोडत न्हाईत, मंग आपुन आपलं कामून सोडायचं?" एवढं बोलून तिने भाकरी तव्यावर टाकली आणि विषय संपवला.

पाचव्या शनिवारी माझ्या मैत्रिणीने हात पुढे केला. कसली क्रांती नाही, कसलं भाषण नाही. "मला तहान लागलीय," ती म्हणाली, ग्लास रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. "अजून." मायने घाईघाईने तांब्या कलता केला. पाणी मैत्रिणीच्या फ्रॉकवर सांडलं. सोमवारी मैत्रीण शाळेत आली तेव्हा तिच्या गालावर चार बोटं उमटलेली होती, आणि तिच्या मागोमाग तिचे वडील गावातली दोन वजनदार माणसं घेऊन आले. मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार लावलं गेलं. बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या, वर्गात आल्या आणि फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "धर्मांचा धडा संपला. पुढचा उघडा." पोरांना कोणाच्या घरी नेणार नाही, अशा तसल्याच कागदावर त्यांनी सही केली होती.

मैत्रीण माझ्याच बाकावर बसून राहिली. घरच्यांनी बाक बदलायला सांगितलं, तिने बदलला नाही. आता तिला अंबडकडे दिली आहे, मधून मधून भेटते, आणि भेटली की पहिलं काय तर पाणी मागते. तेवढी चेष्टा आमची आम्हालाच कळते. बाईंची जूनमध्ये बदली झाली. आणि सहाव्या शनिवारी, कोणी येणार नाही हे पक्कं ठाऊक असताना, मायने ग्लास घासले, भरले आणि मांडले. दुपारपर्यंत ते तसेच होते. संध्याकाळी ते पाणी तिने दारातल्या शेवग्याला घातलं.

मी बाईंवर अजून रागावलेली आहे. लोक म्हणतात, त्या काळी एवढं केलं तेच खूप. असेल. बाहेरगावची एकटी बाई, रोजची एसटी, संसार. मला सगळं समजतं. पण पाच शनिवार ज्या बाईने माझ्या मायचा ग्लास उचलला, तिने सहाव्या शनिवारी येऊ नये, हे समजून घेण्याइतकी मोठी मी अजून झालेली नाही. होणारही नाही बहुतेक. त्या रागावरच तर मी मास्तरीण झाले, फिरून फिरून माझ्याच शाळेत आले, आणि दोन वर्षांपूर्वी तो धडा मी पुन्हा घरोघरी नेला. चाची आता नाही, तिची सून दाखवते. सरदारजींचं गॅरेज मुलगा चालवतो. माय तीच आहे.

आणि ग्लासांचं काय, विचाराल, तर काळ बदलला आहे. आता कोणी पोटात दुखतं म्हणत नाही. आता सगळ्यांच्या गळ्यात बाटल्या आहेत. "बाटली आणलीय मॅडम," म्हणतात, गोड हसून, मायच्या ओट्यावर बसून आपापलं झाकण उघडतात. कोणाचा अपमान नाही, कोणाला त्रास नाही. किती सोय झाली बघा! दोन वर्षं मी ते गिळलं. यंदा मी नियम केला, शनिवारी बाटल्या वर्गात ठेवून निघायचं. पहिल्याच शनिवारी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मायकडे दोन ग्लास पाणी प्यायलं आणि घरी जाऊन आनंदाने सांगितलं. सोमवारी तिचे वडील शाळेत हजर. जातीचं नाव काढलं नाही त्यांनी, छे! ते म्हणाले इन्फेक्शन. म्हणाले, बाहेरचं पाणी पोरीला बाधतं. ह्याच पोरीला मी दर बाजाराच्या दिवशी स्टँडवर, ह्याच वडिलांच्या शेजारी उभी राहून पाणीपुरी चापताना पाहते. त्या पाण्यात जंतू नसतात वाटतं. जंतूंनाही पत्ता बराबर कळतो आमच्याकडे.

तर तो हमीपत्राचा कागद घेऊन मी मायकडे गेले. तिला आता कमी दिसतं, म्हणून वाचून दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं. माझी नोकरी, बदलीची भीती, सरांचा स्वभाव, तिला सगळं माहीत आहे. "लिहून देणार हाईस का?" तिने विचारलं. मी म्हणाले, "न्हाई." ती उठली, भिंतीला धरून फळीपाशी गेली. "मंग ग्लास किती काढू?"

शनिवारी आम्ही गेलो. आदल्या दिवशी मी सरांना तोंडावर सांगितलं की सही होणार नाही, काय कारवाई करायची ती करा. पालकांना चिठ्ठी पाठवली, ज्यांना पाठवायचं नाही त्यांनी पाठवू नये, पण जे येतील ते बाटलीशिवाय येतील. एकोणतीसपैकी बावीस आले. तो पॅगोडावाला पोरगा सगळ्यात पुढे, स्वतःच्या गल्लीत पाहुण्यासारखा. दुसऱ्या बाकावरची ती मुलगी मात्र आली नाही, तिला घरी ठेवून घेतलं होतं. आलेल्यांपैकी अठरा जण प्यायले. चौघे नाही प्यायले. मायने त्या चौघांपुढचे ग्लास भरलेलेच ठेवले. कारवाई अजून व्हायची आहे. होईल तेव्हा होईल. हमीपत्राची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मी पुढच्या वर्षीच्या घरांची यादी केली आहे आणि तिच्यात मायचं घर सगळ्यात वर लिहिलं आहे.

आज चाचणीचे पेपर तपासत बसले आहे. प्रश्न मी मुद्दाम तोच घातला होता, शब्दाला शब्द. बहुतेकांनी पुस्तकातलं उत्तर लिहिलं, काहींनी घाबरत घाबरत 'आपल्या गावात' असं जोडलं, पॅगोडावाल्याने चक्क स्वतःचा घर नंबर लिहिला. शेवटचा पेपर दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीचा निघाला, जिला त्या शनिवारी घरी बसवलं होतं. किरट्या अक्षरात तिने लिहिलं आहे: 'बौद्ध धर्माचे लोक चीन, जपान, श्रीलंका आणि मॅडमच्या मायच्या घरी राहतात. तिथलं पाणी गार असतं.'

मी पैकीच्या पैकी गुण दिले. माझ्या पेपरवर बाईंनी तेव्हा शून्य लिहिलं होतं, आणि ते बरोबर होतं.